फेकीचा नो-बॉल

लिफ्टचं दार उघडलं. आत प्रबोध उभा होता आणि त्याच्या शेजारी एक म्हातारा दोन्ही हात पाठीमागे बांधून, किंचित पुढे वाकून, समोरच्या भिंतीकडे टक लावून बघत होता. असा उभा राहणारा माणूस उन्मेषनं उभ्या जन्मात एकच पाहिला होता.

"बरं झालं भेटलास," प्रबोध म्हणाला. "हे माझे बाबा. कालच आले पुण्याहून. बाबा, हा उन्मेष. आठव्या मजल्यावर राहतो. प्रोफेशनल बेसबॉल खेळलाय जपानमध्ये."

"अरे वा," म्हातारा म्हणाला. "आपल्याला बेसबॉलमधलं काही कळत नाही हो. पण कौतुक आहे."

उन्मेषनं नमस्कार केला, काहीतरी पुटपुटला आणि पाचव्याच मजल्यावर उतरून गेला. उरलेले तीन मजले त्यानं जिन्यानं चढले. घरात शिरला तो चपला न काढताच गॅलरीपर्यंत जाऊन परत आला.

तसा उन्मेष देवरे कधीच एका जागी बसणारा गडी नव्हता. पायाला भिंगरी लागलेलीच. त्याला त्याच्या धंद्याची सवयही कारण होती. जपानमधल्या एका लहानशा लीगमध्ये तो पाच हंगाम राखीव पिचर होता. राखीव पिचरांनी मैदानाच्या कडेला कुंपणामागे बसायचं, तिथला फोन वाजला की उठायचं, हात गरम करायला लागायचं, आणि बहुतेक वेळा परत येऊन बसायचं. आता तो सिंगापुरातल्या एका खासगी अकादमीत मुलांना बेसबॉल शिकवत होता, पण अजूनही कुणाचाही फोन वाजला की हा उठून उभा राही. अनघा, म्हणजे त्याची बायको, याला कंटाळून गेली होती. तिनं स्वतःचा फोन कायमचा मुका करून टाकला होता.

संध्याकाळी कारखान्यांच्या जुरोंग आयलंडवरून कंपनीच्या बसनं ती घरी आली तेव्हा हा स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत होता.

"तो आलाय," उन्मेष म्हणाला.

"कोण? प्लंबर?"

"निशिकांत. जळगावचा पंच. आपल्या प्रबोधचा बाप निघाला!"

अनघानं पर्स खाली ठेवली. या पंचाची गोष्ट तिला लग्नाआधीपासून पाठ होती. सिंगापुरातल्या निम्म्या मराठी मंडळींना ती पाठ होती. सुटला होता तो एकटा प्रबोध, कारण तो दोनच महिन्यांपूर्वी खासगी कोंडोतला फ्लॅट सोडून बुकित पंजांगच्या या सरकारी ब्लॉकमध्ये राहायला आला होता.

गोष्ट अशी. उन्मेष एकोणीस वर्षांचा असताना जळगावात जिल्हा संघाच्या निवडीचा सामना होता. उन्मेषचा वेग असा, की समोरचा फलंदाज देवाचं नाव घेऊनच उभा राही. दुसऱ्याच षटकात स्क्वेअर लेगच्या पंचानं हात आडवा केला. नो-बॉल. उन्मेषनं पायाकडे पाहिलं, पाय रेषेच्या आत होता. पुढचा चेंडू, पुन्हा हात आडवा. तिसऱ्यांदा हात आडवा झाला तेव्हा सगळ्या मैदानाला कळलं की हा पोरगा चेंडू टाकत नाही, फेकतो. कोपर वाकवून, आंबा पाडायला दगड मारावा तसा फेकतो. गोलंदाजाला क्रिकेटमध्ये याहून वाईट शिवी नाही. कर्णधारानं चेंडू काढून घेतला आणि त्या दिवसापासून उन्मेषचं नाव 'फेकी' पडलं. चहाच्या टपरीवरची पोरंही त्याला फेकी म्हणायची. पुढच्या वर्षी निवडीला कुणी बोलावलंच नाही. उन्मेषनं क्रिकेटचा चेंडू पुन्हा हातात घेतला नाही.

घेतला तो बेसबॉलचा. कॉलेजच्या सॉफ्टबॉलच्या सरांनी त्याला उचललं. तिथून राज्याचा संघ, मग देशाचा, आणि एका स्पर्धेत कुणा जपानी माणसाच्या नजरेत भरून तो थेट समुद्रकाठच्या एका चिमुकल्या गावात व्यावसायिक पिचर म्हणून जाऊन पडला. गावात संत्र्याच्या बागा, डोंगर आणि मैदान. लाउडस्पीकरवरून त्याचं नाव 'उन्मेशू' असं पुकारलं जाई आणि म्हाताऱ्या बाया टाळ्या वाजवत. हिवाळ्यात खेळ बंद, मग सगळे खेळाडू संत्री भरायच्या कामाला. चौथ्या हंगामात तो शेवटच्या डावाचा हुकमी पिचर झाला, पाचव्यात खांदा गेला. ऑपरेशननंतर खांदा ताळ्यावर आला, पण तोवर त्याच्या जागी दुसरा आला होता.

यातली दोन वाक्यं तो प्रत्येक पार्टीत एकापाठोपाठ एक सांगायचा. पहिलं, "त्या पंचानं माझं क्रिकेट खोटं बोलून संपवलं, माझा हात तारेसारखा सरळ होता." आणि दुसरं, "जपानी कोचनं पहिल्या दिवशी मला पाहिलं आणि म्हणाला, याच्या फेकीत मला काहीही बदलायचं नाही, हा जन्मजात आहे." लोक पहिल्याला चुकचुकत आणि दुसऱ्याला वा वा करत. कार्यक्रम छान व्हायचा.

"मग आता काय करणार आहेस?" अनघानं विचारलं.

"रविवारी वुडलँड्सवाल्यांशी क्रिकेटची मॅच आहे. प्रबोध कधीचा मागे लागलाय खेळ म्हणून. खेळतो. त्याच्या बापाला पंच म्हणून उभं करायला लावतो. त्याच्या नाकासमोर बॉलिंग टाकतो. हात आडवा करता येणार नाही त्याला. मग सगळ्यांसमोर सांगतो मी कोण आहे ते."

"हात दाखवून अवलक्षण कशाला करून घेतोस? सत्तरीचा माणूस आहे तो."

"माझं वय एकोणीस होतं," उन्मेष म्हणाला, आणि परत गॅलरीत गेला.

प्रबोधला तर आकाश ठेंगणं झालं. प्रोफेशनल माणूस आपल्या संघात! बाबांचं मात्र जमेल की नाही सांगता येत नाही, म्हणाला. पंचगिरी सोडून त्यांना खूप वर्षं झालीत. "विचारून बघतो," म्हणाला. हे 'विचारून बघतो' उन्मेषनं तीन दिवस कसंबसं काढलं. अकादमीत मुलांवर विनाकारण खेकसला. एलआरटीच्या गाडीत बसायला जागा असून उभा राहिला. जेवताना ताटातला भात या बाजूचा त्या बाजूला करत राहिला.

गुरुवारी रात्रीच्या जेवणाला अपूर्वानं विषय काढला. अपूर्वा बारा वर्षांची, इथल्याच शाळेत वाढलेली, त्यामुळे घरात मराठीत विचारलेल्या प्रश्नाला तिच्याकडून काय भाषेत उत्तर येईल याचा नेम नसे.

"बाबा, व्हाय आर यू सो अँग्री विथ प्रबोधकाकाज फादर?"

उन्मेषनं तिला पुन्हा सगळं सांगितलं. पंच, तीन नो-बॉल, तारेसारखा हात. मग सवयीनं पुढचंही सांगितलं. जपान, कोच, काही बदलायचं नाही.

अपूर्वानं पोळीचा तुकडा तोंडात टाकला. "बट बाबा, बेसबॉलमध्ये तर एल्बो बेंड करतात ना? आणि कोचनं काहीच चेंज नाही केलं. देन द अंपायर वॉज करेक्ट, ना."

अनघानं मुलीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. इतकी वर्षं ही दोन वाक्यं एकाच ताटात वाढली जात होती आणि एकाही खाणाऱ्याला खडा लागला नव्हता.

"तुला काय कळतं त्यातलं?" उन्मेष ओरडला. तो मुलीवर कधी ओरडत नसे. अपूर्वाचा चेहरा पडला, आणि तो पाहून उन्मेषलाच खुर्चीवर बसवेना.

"चल खाली," तो म्हणाला. "फोन घे. दाखवतोच तुला."

खाली ब्लॉकच्या मागे बास्केटबॉलचं कोर्ट होतं. दिवे लागलेले, दोन मलाय आजोबा बाकावर गप्पा मारत बसलेले. उन्मेषनं टेनिसचा चेंडू घेतला, पावलं मोजली. अपूर्वा बाजूला फोन धरून उभी राहिली. पहिला चेंडू त्यानं जपून टाकला, काही मजा आली नाही. दुसरा थोडा जोरात. मग तिसऱ्याला त्यानं विचार सोडला आणि एकोणिसाव्या वर्षी धावायचा तसा धावत आला, आणि चेंडू हातातून सुटला.

सुटला त्याच क्षणी त्याला कळलं. व्हिडिओ बघायची गरजच नव्हती. कोपरातून मनगटापर्यंत तीच सणक गेली, जळगावची. तीच पुढे जपानमध्ये रोज जायची. इतक्या वर्षांत या हाताला दुसरं काही कुणी शिकवलंच नव्हतं. तरी त्यानं फोन घेतला, सावकाश करून पाहिलं. कोपर चांगलं घसघशीत वाकत होतं आणि सुटताना फटकन सरळ होत होतं. पिचिंग म्हणून बघितलं तर फार देखणी फेक होती.

"सॉरी बाबा," अपूर्वा म्हणाली.

"तू कशाला सॉरी? बरोबर बोललीस तू." त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि ती वर गेल्यावर तो एकटाच ब्लॉकभोवती फेऱ्या मारत राहिला. त्याला लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षाही मोठं असं काहीतरी हातातून गेल्यासारखं वाटत होतं. जपानमध्ये दर वेळी पिचरच्या टेकाडावर चढताना तो त्या पंचाचा चेहरा डोळ्यांसमोर आणायचा. त्या रागावर पाच हंगाम काढले होते. राग काढून घेतला तर खाली काय उरतं, हे त्याला माहीत नव्हतं.

शनिवारी सकाळी प्रबोधनं त्याला हॉकर सेंटरला, म्हणजे जवळच्या खाऊगल्लीत, कॉफीला बोलावलं. स्वारी खुशीत होती.

"बाबा तयार झाले! पण स्क्वेअर लेगलाच उभा राहीन म्हणतात. कसे तयार केले ते माझं मला माहीत. तुला सांगतो, त्यांनी पंचगिरी का सोडली ते मलासुद्धा आईकडून कळलं. मी तेव्हा पुण्यात शिकत होतो. बँकेनं त्यांना जळगावला टाकलं होतं. तिथे एका पोराला फेकी म्हणून नो-बॉल दिला. पोरगा फार चांगला होता म्हणे. त्यानंतर लोकांनी बाबांना काय काय ऐकवलं. पैसे खाल्ले म्हणाले. ते बाबांनी सोसलं रे, पण त्या पोरानं खेळच सोडला हे कळलं तेव्हा घरी येऊन म्हणाले, मला खरंच दिसलं का ते? की पोरगा फार वेगात टाकत होता म्हणून मला भास झाला? पुन्हा उभे राहिले नाहीत. अजून टीव्हीवर मॅच लागली की स्कोअर बघत नाहीत, बॉलरचं कोपर बघत बसतात."

उन्मेष उठून उभा राहिला.

"काय झालं? फोन वाजला का?" प्रबोधनं इकडेतिकडे पाहिलं.

"नाही. असंच."

त्याच क्षणी सांगून टाकता आलं असतं. उन्मेषच्या तोंडापर्यंत आलंही. पण सांगून काय होणार होतं? वर जाऊन, चहा घेऊन, "काका, तो मुलगा मीच, आणि तुमचं बरोबर होतं" म्हटलं असतं, तर म्हातारा हसून म्हणाला असता, जाऊ द्या हो, जुनी गोष्ट. मनात म्हणाला असता, पोरगा मोठ्या मनाचा आहे, मला बरं वाटावं म्हणून बोलतोय. ज्यानं स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवणं सोडलंय, त्याला कानांनी ऐकवून उपयोग नव्हता. त्याला दाखवायलाच हवं होतं.

रात्रभर उन्मेष उठून बसत होता, पुन्हा आडवा होत होता. अनघानं शेवटी उशी उचलली आणि अपूर्वाच्या खोलीत जाऊन झोपली.

रविवारी मैदान ओलं होतं पण खेळता येण्यासारखं. म्हातारा पांढरी टोपी घालून आला होता. सामना चुरशीचा झाला. वुडलँड्सचा कर्णधार धवल, आडव्या अंगाचा गुजराती-मराठी गडी, खेळपट्टीवर तंबू ठोकून होता. शेवटच्या षटकात त्यांना सात धावा हव्या होत्या. प्रबोधनं सकाळपासून राखून ठेवलेला हुकमाचा एक्का काढला. पुन्हा राखीव आणि पुन्हा शेवटचा डाव! उन्मेषला हसू आलं, पण ते ओठांपर्यंत पोचलं नाही.

त्यानं स्क्वेअर लेगकडे पाहिलं. म्हातारा हात पाठीमागे बांधून, किंचित वाकून उभा होता. तो फलंदाजाकडे पाहत नव्हता. उन्मेषच्या उजव्या हाताकडे पाहत होता.

उन्मेष धावत आला आणि त्यानं चेंडू फेकला. अंग मुळी चोरलंच नाही, जपानला फेकायचा तसा पूर्ण जीव लावून फेकला. धवलची बॅट वर जायच्या आत मधला स्टंप उडून विकेटकीपरच्या पायाशी जाऊन पडला.

बुकित पंजांगवाल्यांनी मैदान डोक्यावर घेतलं. प्रबोध नाचायला लागला. धवल मान हलवत निघाला. उन्मेष एकटाच स्क्वेअर लेगकडे बघत उभा होता. म्हाताऱ्याचा उजवा हात पाठीमागून सुटला होता, कंबरेपर्यंत आला होता, आणि तिथेच थांबला होता. मग तो हळूहळू खाली गेला.

उन्मेष चालत त्याच्यापाशी गेला.

"सर, नो-बॉल," तो म्हणाला.

म्हाताऱ्यानं नजर चुकवली. "छान होता हो चेंडू. आउट आहे तो."

"सर, नो-बॉल द्या."

"मला... मला नीट दिसलं नाही. वय झालं आता."

"दिसलं तुम्हाला. हात उचलला होतात तुम्ही."

"उन्मेष!" प्रबोध धावत आला. "वेडा झालास का? बोल्ड आहे तो! आणि बाबांशी कसला वाद घालतोस?"

उन्मेषनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. "सर, आज दिसलं ना? जळगावलाही असंच दिसलं होतं तुम्हाला. तीनही वेळा बरोबर दिसलं होतं. मी देवरे."

म्हाताऱ्यानं त्याच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. मग तोंडावरून नजर काढून कोपराकडे. टोपी काढून त्यानं कपाळ पुसलं, टोपी पुन्हा घातली, आणि मग त्याचा उजवा हात खांद्याच्या रेषेत आडवा झाला. "नो-बॉल!" तो इतक्या मोठ्यानं ओरडला की धवल वाटेतून वळून परत आला. वुडलँड्सवाल्यांनी टाळ्या पिटल्या. प्रबोधनं खाली बसून डोकं धरलं.

"एक धाव त्यांना," म्हातारा म्हणाला. "सहा हव्यात. चेंडू पुन्हा टाकायचा. आणि हे बघ, हात सरळ."

उन्मेष परत गेला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं कोपर न वाकवता चेंडू टाकला. चेंडू बिचारा रमतगमत, वाटेत चौकशी करत धवलपर्यंत पोचला. धवलनं तो उचलून मैदानाबाहेरच्या कालव्यापलीकडे भिरकावून दिला. सामना संपला.

वुडलँड्सवाले धवलला खांद्यावर घ्यायच्या खटपटीत होते, ते काही जमेना. प्रबोध कुणाशी बोलत नव्हता. म्हातारा मैदान ओलांडून उन्मेषपाशी आला. डोळे ओले होते, पण ओठाच्या कोपऱ्यात हसू दबलं होतं.

"देवरे, एक सांगू? रागावू नकोस," तो म्हणाला. "हात सरळ ठेवलास तर तुझ्यात काही दम नाही रे."

"म्हणूनच तर कोपर वाकवत होतो, आणि म्हणूनच तुम्ही मला बाहेर काढलंत, सर," उन्मेष म्हणाला, आणि त्या ओल्या गवतात म्हाताऱ्याच्या शेजारी खाली बसला.